पन्नाशीतली फुगडी
लहानपणी फुगडी कुणी शिकवली नाही. श्रावणात मंगळागौरीला आत्याने हात धरले, गरगर फिरवलं, झालं. आता सोसायटीतल्या बायकांना शिकवते, तर सगळं फोडून सांगावं लागतं.

जोडीदारीण साधारण आपल्याच वजनाची बघा. काचेच्या बांगड्या उतरवा, पदर खोचा, पायात मोजे नकोत. समोरासमोर उभ्या राहून हातांची फुली करा, उजव्यात उजवा, डाव्यात डावा. नुसती बोटं नाही, अख्खा पंजा घट्ट धरायचा. हात घामट असतील तर आधी पुसा. दोघींची पावलं मधोमध अगदी जवळ आणि अंग मागे. कोपर ताठ! हात वाकले की गिरकी मोडलीच, कारण एकीचा भार दुसरीने तोलायचा असतो. नवख्या बायका नेमक्या इथे घाबरून पुढे झुकतात (सासूबरोबर जोडी असली तर जास्तच). चवड्यांवर छोटी पावलं टाका. नजर समोरचीच्या चेहऱ्यावर ठेवा, म्हणजे भोवळ कमी येते.

थांबताना आधी वेग कमी करायचा, मगच हात सोडायचे. गुडघे कुरकुरत असतील त्यांनी झिम्मा धरावा.