उपवासकाळातलं आत्मपरीक्षण: नेमकं कुठे अडतं

ईस्टरच्या आधीच्या ख्रिस्ती उपवासकाळात काय सोडायचं ते तुम्ही ठरवलंच असेल. एकच गोष्ट सोडा. पाच सोडणारे पहिल्या आठवड्यातच पाचही पुन्हा धरतात. वाचलेले पैसे बाजूला टाका आणि गाजावाजा न करता कुणाला तरी द्या. राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 6वा अध्याय वाचतात, त्यात दान, प्रार्थना आणि उपवास तिन्ही गुपचूप करायला सांगितलंय.

राखेच्या बुधवारापासून पवित्र शनिवारपर्यंत, म्हणजे ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत, मोजले तर दिवस 46 भरतात. मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, म्हणून 40. कॅथलिकांना सक्तीचा उपवास फक्त राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला, तोही 18 ते 59 वयाच्या माणसांना. आजारी असाल तर उगाच हट्ट करू नका.

आता अडतं कुठे, ते सांगतो. रात्री झोपण्याआधी आत्मपरीक्षणाला बसतो त्या पंधरा मिनिटांत.

‘दिवसभराच्या चुका आठवा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. मीही तीन वर्षं तेच केलं. वहीत रोज चुकांची यादी: चिडलो, खोटं बोललो, आळस केला. दहाव्या दिवशी लक्षात आलं की रोज तेच शब्द उतरवतोय. मग स्वतःला दोष देण्यातच एक प्रकारची गोडी लागली. ‘मी किती वाईट’ म्हणत झोपायचं आणि सकाळी पुन्हा तसंच वागायचं. हे आत्मपरीक्षण नव्हे. यात देव कुठेच नसतो, सगळीकडे आपणच.

सोळाव्या शतकात जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नाशियस लोयोलांनी आत्मपरीक्षणासाठी घालून दिलेला क्रम मला नंतर सापडला. त्यात सुरुवात चुकांनी होत नाही, आभारांनी होते. मला हे आधी गुळमुळीत वाटलं होतं. पण आभार मानायला दिवस नीट आठवावा लागतो आणि तो आठवला की लपवलेलंही आपसूक वर येतं.

मग दिवस खरा दिसावा म्हणून देवाकडे उजेड मागा. नंतर सकाळपासून तासातासाने दिवस आठवत या आणि जिथे मन अडखळेल अशा एकाच प्रसंगावर थांबा. ‘मी चिडलो’ असं लिहू नका. कुणावर, कोणत्या वाक्याला, आणि त्याच्या आधी मनात काय चाललं होतं, ते लिहा. बहुतेकदा रागाखाली भीती निघते. मग क्षमा मागा, उद्यासाठी एकच छोटी गोष्ट ठरवा आणि वही मिटा. पंधरा मिनिटांच्या वर बसू नका. त्यापुढे मन स्वतःची वकिली सुरू करतं.

तिसऱ्या आठवड्यात कंटाळा येणारच. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट बसू नका, थकबाकी ठेवायची नाही.

पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूपुढे पापांची कबुली, करणार असाल तर चौथ्या आठवड्यातच उरका. ईस्टरच्या आधीच्या शेवटच्या, म्हणजे पवित्र आठवड्यात रांग लागते आणि मागे माणसं उभी असली की निवेदन आखूड होतं.

पवित्र शनिवारी मी वही सलग वाचतो. ज्याचं नाव तीनदा आलं असेल त्याला त्याच दिवशी फोन करतो. गेल्या वर्षी ते नाव धाकट्या भावाचं होतं. त्याने फोन उचलला नाही. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी मी परत लावला.