दोन लाइन घेतल्यात, पण पुढची वाट एकच तर नाही?

सांगली जिल्ह्यात आमचं छोटं इंटरनेटचं जाळं आहे. एक लाइन पडली तर दुसरी चालावी म्हणून दोन कंपन्यांकडून बँडविड्थ घेतली होती. एका पावसाळ्यात दोन्ही एकदमच बंद पडल्या. नंतर कळलं, दोघीही पुढे एकाच मोठ्या कंपनीकडून बँडविड्थ घेत होत्या. सही करण्याआधी हे फुकटात बघता आलं असतं. तुम्ही तेवढं नक्की बघा.

राइपस्टॅट या वेबसाइटवर कंपनीचा एएस नंबर (इंटरनेटवरच्या जाळ्याचा ओळख क्रमांक) टाका, तिचा एखादा प्रीफिक्स (आयपी पत्त्यांचा गट) निवडा आणि लुकिंग ग्लास हे पान उघडा. ठिकठिकाणच्या राउटरना दिसलेले एएस पाथ, म्हणजे त्या पत्त्यांपर्यंत जाताना लागणाऱ्या जाळ्यांचे नंबर, समोर येतील. समजा, पाथ ६४५११ ६४५०५ ६४५०२ ६४५०० असा आहे (हे नंबर उदाहरणांसाठीच राखीव आहेत). तो उजवीकडून वाचा. ६४५०० हा पत्त्यांचा मालक, ६४५०२ त्याचा शेजारी. एकच नंबर ओळीने तीन-चारदा आला तर एकदाच धरा. ट्रॅफिक दुसऱ्या वाटेने यावं म्हणून मुद्दाम पाथ लांबवलेला असतो.

हा शेजारी विकणारा की बरोबरीचा? इथे व्यवहार बघायचा. ग्राहकाचे रूट (त्याच्या पत्त्यांपर्यंतच्या वाटा) सगळ्यांना सांगतात, कारण त्याचे पैसे मिळतात. पीअरचे (बरोबरीच्या शेजाऱ्याचे) किंवा प्रोव्हायडरचे (विकणाऱ्याचे) रूट मात्र फक्त आपल्या ग्राहकांनाच. म्हणून मालकापासून पाथ आधी चढतो (ग्राहकाकडून प्रोव्हायडरकडे), माथ्यावर फार तर एकदा आडवा जातो (पीअरकडे), मग उतरतो (प्रोव्हायडरकडून ग्राहकाकडे). उतरल्यावर पुन्हा चढत नाही. लिक्सिन गाओ यांच्या २००१ च्या शोधनिबंधात याच नियमावरून नाती ओळखली आहेत. म्हणजे ६४५०२ जर ६४५०० चे रूट स्वतःच्या प्रोव्हायडरला सांगत असेल, तर ६४५०० त्याचा ग्राहक असणार.

एवढं हाताने करायचं नसेल तर इंटरनेटचा अभ्यास करणाऱ्या केडा (CAIDA) संस्थेची या नात्यांची फाइल घ्या. तिच्यात दोन नंबरांपुढे -१ असेल तर पहिला प्रोव्हायडर आणि दुसरा ग्राहक; ० असेल तर पीअर. आपल्या दोन्ही कंपन्यांचे प्रोव्हायडर शेजारी-शेजारी लिहा. दोघींचा मिळून एकच निघाला, तर तुमची दुसरी लाइन फक्त बिलावरच वेगळी आहे.

फाइलमध्ये नातं दिसलं नाही म्हणजे ते नाहीच, असं मात्र धरू नका. मुंबईच्या एक्स्चेंजवरचं (जाळी एकमेकांना जोडतात त्या ठिकाणचं) पीअरिंग ते करणाऱ्या दोघांना आणि त्यांच्या ग्राहकांनाच दिसतं. तिथून डेटा गोळा होत नसेल तर ते फाइलमध्ये येत नाही. बॅकअप लाइन तर मुख्य लाइन पडेपर्यंत लपलेलीच असते. तिच्यासाठी राइपस्टॅटवरच्याच बीजीप्ले या साधनात लाइन तुटल्याची तारीख टाकून पाथ कुठे सरकले ते बघा.

केबल कुठल्या रस्त्याने जाते हे पाथमध्ये कधीच दिसत नाही. त्याचा नकाशा कंपनीकडे मागावा लागतो. लाइन बदलताना आम्ही तो मागितला, आणि मिरजेपासून पुढे दोन्ही केबल वेगळ्या रस्त्यांनी जातात हे पाहूनच सही केली.