दहावीनंतर आयबी डिप्लोमा: बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मुलांसाठी

एसएसएलसीनंतर पीयूसीऐवजी आयबी डिप्लोमा (इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम) घेणार असाल, तर आधी विषयांची जुळणी पाहा. सगळं तिथंच ठरतं.

सहा गटांतून सहा विषय असतात, प्रत्येकी 7 गुण. तीन, फार तर चार, हायर लेव्हलला (वरच्या पातळीवर) घ्यायचे, बाकीचे स्टँडर्डला. हायरला शिकवण्याचे 240 तास, स्टँडर्डला 150. मूळ गाभ्याचे (विस्तृत निबंध आणि ‘ज्ञानाचा सिद्धांत’ यांचे) 3 मिळून एकूण 45, आणि डिप्लोमासाठी निदान 24 लागतात; त्यातले 12 तीन हायर विषयांतून.

डॉक्टरकीकडे वळायचं असेल, तर इथंच अनेकांची फसगत होते. नेहमीच्या रचनेत दोनच विज्ञान विषय बसतात, पण नीटला भौतिक, रसायन, जीव तिन्ही हवेत. तिन्ही घेण्यासाठी शाळेला आयबीची खास परवानगी काढावी लागते, म्हणून प्रवेशाआधीच लेखी विचारा. इंजिनिअरिंगला सहाव्या गटातल्या कलाविषयाऐवजी दुसरं विज्ञान घेतलं की भौतिक, रसायन, गणित बसतं.

विस्तृत निबंध, म्हणजे स्वतः संशोधन करून लिहायचा निबंध, कमाल 4000 शब्दांचा. ‘मार्कंडेय नदीचं प्रदूषण’ हा विषय त्यात मावत नाही. ‘दोन ठिकाणच्या पाण्यातलं नायट्रेट, पावसाआधी आणि नंतर’ हा मावतो. मात्र पहिले नमुने मे महिन्यातच घ्या, पाऊस लागला की संधी वर्षभर गेली. सीएएस (सर्जनशीलता, शारीरिक हालचाल आणि सेवेचे उपक्रम) किमान अठरा महिने चालतं, शेवटच्या सत्रात उरकता येत नाही.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी पहिल्या दिवसापासून इंग्रजीत रोज एक पान लिहावं. विषय कळूनही गुण जातात ते लिखाणात.