रक्ताचे इंजेक्शन आणि हंगामाचे गणित

गुडघा, कोपर किंवा टाच महिनोन्‌महिने दुखत राहिली की लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर येथील दवाखान्यांत आता ‘रक्ताचे इंजेक्शन घेऊन पाहा’ असे सुचवले जाते. डॉक्टर ज्याला पीआरपी (प्लेटलेट-रिच प्लाझ्मा, म्हणजे प्लेटलेट जास्त असलेला रक्तद्रव) म्हणतात ते हेच. डेंग्यूमुळे प्लेटलेट हा शब्द घरोघरी पोहोचला आहे. त्याच प्लेटलेट रुग्णाच्या स्वतःच्या रक्तातून वेगळ्या काढून दुखऱ्या जागी सोडणे, एवढाच हा उपचार आहे. इंजेक्शन टोचायला पाच मिनिटे पुरतात, परंतु त्याच्या आधीचा आठवडा आणि नंतरचे सहा आठवडे कसे जातात यावर पुढचे बरेच अवलंबून असते, आणि आपल्याकडे चूक होते ती नेमकी तिथेच.

सर्वप्रथम निदान पक्के करून घ्यावे. गुडघ्याचा एक्स-रे उभे राहून काढलेला असावा, कारण झोपून काढलेल्या एक्स-रेत सांध्यातील कमी झालेले अंतर नीट दिसत नाही. हाडाला हाड लागलेल्या गुडघ्यात पीआरपीकडून फारशी आशा ठेवू नये. सुरुवातीच्या किंवा मध्यम झिजेतही पुरावा एकमुखी नाही. काही लहान अभ्यासांत रुग्णांना आराम पडलेला दिसतो. मात्र २०२१ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ऑस्ट्रेलियातील २८८ रुग्णांच्या चाचणीत पीआरपी आणि साधे सलाईन यांच्यात वर्षभरानंतर दुखण्यात किंवा कूर्चेत, म्हणजे सांध्यातील हाडांवरच्या गादीत, लक्षणीय फरक आढळला नाही. ‘गादी पुन्हा भरून येते’ असे कोणी सांगत असेल, तर त्याला या चाचणीबद्दल विचारावे. टेनिस एल्बो या कोपराच्या दुखण्यातही अभ्यासांचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने तेथे काही दिवसांत आराम पडतो, पण पुढे दुखणे उलटण्याचे प्रमाण जास्त असल्यामुळे अनेक डॉक्टर पीआरपीकडे वळतात. कबड्डीत मांडीमागचा स्नायू ताणला गेला, तर इंजेक्शनाने मैदानावर लवकर परतता येते असे सिद्ध झालेले नाही, आणि पूर्ण तुटलेले लिगामेंट पीआरपीने सांधले जात नाही.

प्लेटलेट कमी असणे, अंगात कुठेही जंतुसंसर्ग असणे, रक्ताचा आजार किंवा कर्करोग यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावे. हृदयरोगासाठी रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नये, हे मी मुद्दाम लिहितो, कारण तसे करून आलेले लोक पाहिले आहेत. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात आणूनच तारीख घ्यावी. डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवतात, कारण त्या प्लेटलेटच्या कामात अडथळा आणतात. येथे एक बारीक गोष्ट आहे. मेडिकलवर पॅरासिटामॉल मागितली तरी पुष्कळदा एसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी हातात पडते, म्हणून स्ट्रिपवरील घटक स्वतः वाचावेत किंवा घरातील शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्यावेत.

इंजेक्शनाच्या दिवशी उपाशी जाण्याची सहसा गरज नसते; उन्हाळ्यात तर भरपूर पाणी पिऊनच निघावे, म्हणजे शीर लवकर सापडते. दंडातून साधारण १५ ते ६० मिलिलिटर रक्त, ते गोठू नये म्हणून द्राव घातलेल्या नळीत घेतात आणि सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवतात. नळी बाहेर आल्यावर जरूर पाहावी: तळाशी गडद लाल पेशी, वर गव्हाच्या काडासारखा पिवळसर रक्तद्रव आणि दोहोंच्या मध्ये सायीसारखा पातळ पांढुरका थर. प्लेटलेट मुख्यतः याच थराच्या आसपास असतात. एका मायक्रोलिटर रक्तात त्या सामान्यतः दीड ते साडेचार लाख असतात. चांगल्या पीआरपीत त्या मूळ रक्ताच्या तिप्पट ते पाचपट असाव्यात अशी अपेक्षा असते. रक्त किती घेणार, यंत्रात एकदा फिरवणार की दोनदा, पांढऱ्या पेशी ठेवणार की काढणार, आणि सुई सोनोग्राफीत पाहून टोचणार का, हे चार प्रश्न विचारावेत. दर दवाखान्यागणिक बदलतो, त्यामुळे पावती मागण्यात संकोच नको.

पहिले दोन-तीन दिवस दुखणे वाढते. ते अपेक्षित असते, आणि त्यासाठी डॉक्टरांना विचारून फक्त पॅरासिटामॉल घ्यावी. मात्र ताप आला, सांधा लाल व गरम होऊन सुजला किंवा हलवताच येईना, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता दवाखाना गाठावा. एक-दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर हलकी हालचाल, पुढे फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत जाणारे व्यायाम, आणि जड काम साधारण चार ते सहा आठवड्यांनंतर, असा क्रम असतो.

हा क्रम शेतीच्या वेळापत्रकात बसवायचा कसा, हाच खरा प्रश्न आहे. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील एक ऊसतोड मजूर माझ्याकडे व्यायामासाठी आले होते. मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) आधीच घेतलेली, टोळी दसऱ्यानंतर निघणार, आणि त्यांनी उजव्या कोपरात इंजेक्शन घेतले ते निघायच्या दहा दिवस आधी. तिसऱ्या आठवड्यात त्याच हातात कोयता आला आणि दुखणे होते तिथेच आले. दोष इंजेक्शनाचा की तारखेचा, हे आता कोणी सांगू शकत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे गाळप हंगाम संपून, गावी परतल्यावर, पेरणीच्या आत तारीख घ्यावी. सोयाबीनची काढणी किंवा कापसाची वेचणी तोंडावर असेल तर गुडघ्याचे इंजेक्शन पुढे ढकलावे. उकिडवे बसणे या काळात टाळावेच लागते, तेव्हा शौचालयात कमोडची खुर्ची आणि स्वयंपाकाला ओटा यांची सोय आधी करावी.

आराम जाणवायला चार ते सहा आठवडे, कधी तीन महिनेही लागतात. म्हणून इंजेक्शनाच्या आधीच वहीत लिहून ठेवावे: किती पायऱ्या चढता येतात, भरलेली कळशी किती पावले नेता येते, रात्री किती वेळा जाग येते. तीन महिन्यांनी त्याच तीन नोंदी पुन्हा घ्याव्यात. त्यांत फरक नसेल तर दुसऱ्या इंजेक्शनाचे पैसे भरण्यापूर्वी छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या शासकीय रुग्णालयाच्या किंवा अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या अस्थिरोग विभागात ती वही आणि उभ्याने काढलेला एक्स-रे दाखवून दुसरे मत घ्यावे.