परदेशातील घरी गुढी कशी उभारावी

परदेशात गुढीपाडव्याची तयारी सामानाच्या यादीपासून नव्हे, तर तारखेपासून सुरू करावी. सूर्योदयाला असलेली तिथी त्या दिवसाची मानतात, आणि अमेरिकेत सूर्योदय भारतापेक्षा कित्येक तास उशिरा होत असल्याने तेथील पाडवा कधी कधी आदल्या तारखेला येतो. ऑस्ट्रेलियात तो क्वचित एक दिवस पुढेही जातो. त्यामुळे भिंतीवरच्या भारतीय कॅलेंडरवर विसंबून न राहता आपल्या शहराच्या अक्षांश-रेखांशांवर काढलेले पंचांग पाहावे.

वेळूची काठी मिळाली नाही तर पडद्याचा दांडा किंवा नवी कोरी मॉपची काठी चालते. वाळू भरलेल्या जड कुंडीत ती घट्ट रोवावी. काठीच्या टोकाला खण किंवा जरीचे वस्त्र निऱ्या करून बांधावे, त्यावर कडुनिंबाचा डहाळा, फुलांचा हार आणि गाठी बांधून वरून तांब्या पालथा घालावा. मार्चमधला वारा अनेक ठिकाणी अंगावर येणारा असतो, म्हणून तांब्याच्या गळ्याला सुतळीचे दोन-तीन वेढे देऊन ती काठीला आवळावी. भाड्याच्या घरांत कठड्याबाहेर काही लटकवण्यास बहुधा मनाई असते. अशा वेळी दाराच्या उजव्या बाजूला आतूनच उभारलेली गुढी मला कठड्यावर लपूनछपून बांधलेल्या गुढीपेक्षा अधिक शोभिवंत वाटते.

कडुनिंबाचा प्रश्न मात्र खरा अवघड आहे. भारतातून ताजा पाला सामानात नेऊ नये. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये असा पाला जाहीर न केल्यास विमानतळावरच दंड होतो. सिंगापूरच्या लिटल इंडियात ताजी पाने मिळतात, तर ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात कडुनिंब इतका फोफावला आहे की सरकारने त्याला उपद्रवी वनस्पती ठरवले आहे. इतरत्र गुढीला आंब्याची किंवा तेथील कोणत्याही झाडाची कोवळी डहाळी बांधावी. प्रसादासाठी भारतीय दुकानातील सुक्या पानांची चिमूटभर पूड गूळ, चिंच, ओवा, हिंग, मिरे आणि भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीबरोबर वाटावी. कढीपत्ता दिसायला जवळचा असला तरी कडू नसतो, तेव्हा त्याने हे काम होत नाही. त्यापेक्षा भिजवलेले मेथीदाणे बरे.

गाठी घरी सहज होतात, आणि मुलांना या सणातले हेच काम सर्वांत आवडते. लहान वाट्यांना तुपाचा हात लावून त्या ओळीने मांडाव्यात आणि त्यांच्यावरून एक जाड दोरा तळाला टेकेल असा सोडावा. एक वाटी साखर जेमतेम भिजेल इतके पाणी घालून पक्का पाक करावा, चमचाभर तूप घालून गॅस बंद करावा आणि पाक ढवळत राहावे. तो दुधाळ दिसू लागला की क्षणाचाही विलंब न लावता वाट्यांत ओतावा, कारण त्यानंतर तो पातेल्यातच थिजतो. पूर्ण गार झाल्यावर वाटी उलटी करून ठोकली की दोऱ्यात ओवलेली चकती सुटून येते. या पाकापाशी मुलांना उभे करू नये. त्यांच्याकडे दोरा मांडणे आणि चकत्या सोडवणे एवढेच द्यावे.

श्रीखंडासाठी घट्ट ग्रीक दही काही तास टांगले की चक्का तयार होतो. पुऱ्या तळताना खिडकी उघडी ठेवावी, नाहीतर धुराचा भोंगा वाजून शेजारी गोळा होतील.

त्या दिवशी सुट्टी नसणार, म्हणून काठीला वस्त्र, हार व गाठी आदल्या रात्रीच बांधून ठेवाव्यात. सकाळी सूर्योदयानंतर गुढी उभारून हळद-कुंकू, फुले वाहावीत, नैवेद्य दाखवावा आणि मगच कामाला निघावे. गुढी सूर्यास्तापूर्वी उतरवायची असते. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे तासभर पुढे सरकत असल्याने न्यूयॉर्कसारख्या शहरात तेव्हा सूर्य सातनंतर मावळतो आणि कचेरीतून परतून ती उतरवता येते. युरोपात मात्र हा बदल मार्चच्या शेवटच्या रविवारी होतो. पाडवा त्याआधी आला तर लंडनमध्ये सहाच्या सुमारास अंधारू लागते, म्हणून घरी लवकर येणाऱ्या कोणावर तरी ते काम सोपवावे.

सामुदायिक जेवण, मुलांचे कार्यक्रम आणि लेझीम यांसाठी येणारा शनिवार-रविवार खुशाल घ्यावा. लंडनच्या १९३२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळासारखी मंडळे अनेक शहरांत आहेत. गुढी मात्र त्या रविवारसाठी थांबवू नये.