सोबत्यांची मर्जी आणि आपला निवाडा

'बाल्डर्स गेट ३' (२०२३) या व्हिडिओ गेममध्ये आपल्यासह चौघांचीच तुकडी मोहिमेवर निघते, त्यामुळे कोणाला बरोबर घ्यायचे आणि कोणाला तळावर ठेवायचे, इथूनच निवड सुरू होते. आपल्या वागण्यावर सोबती खूश झाला की नाराज, हे पडद्यावर लगेच उमटते; मात्र तळावर बसलेल्यांपर्यंत बहुतेक गोष्टी पोहोचतच नाहीत. म्हणून दुबळ्याला वाचवायचे असेल तेव्हा विल या सोबत्याला बरोबर घ्यावे आणि दमदाटी करायची असेल तेव्हा ॲस्टेरियन या दुसऱ्या सोबत्याला. ही लबाडी आहे खरी, पण खेळ ती चालवून घेतो.

सगळ्यांचीच मर्जी मात्र राखता येत नाही. पहिल्या अंकात गॉब्लिनांची (खुज्या, लुटारू राक्षसांची) बाजू घेऊन ड्रुइडांच्या (निसर्गपूजक मांत्रिकांच्या) वनावर हल्ला केला, तर विल आणि कार्लॅक हे दोन सोबती साथ सोडतात. अशा वळणाआधी वेगळी सेव्ह (खेळाची त्या क्षणाची साठवलेली प्रत) करून ठेवावी.

नाती खुलतात ती तळावर. फारशी दमणूक झालेली नसली तरी अधूनमधून मुक्काम करावा आणि ज्याच्या डोक्यावर उद्गारचिन्ह दिसेल त्याच्याशी आधी बोलावे, कारण मुक्काम टाळणाऱ्यांचे कितीतरी संवाद हुकतात. शॅडोहार्ट या सोबतिणीला तिच्या श्रद्धेविषयी खोदून विचारू नये. तिला तिच्या वेळेने बोलू द्यावे.