शिकाऊ ड्रायव्हरला एकट्याने गाडी चालवायला तयार कसं करायचं

भाचीला गाडी शिकवत होतो तेव्हाची गोष्ट, चौक जवळ आला की ती आधी माझ्या पायाकडे बघायची. माझा पाय नकळत खाली दाबला गेला की तिचा ब्रेक लागायचा, म्हणजे गाडी अजून मीच चालवत होतो! तेव्हापासून मला वाटतं, शेजारी बसणाऱ्याचं खरं काम हळूहळू गप्प होणं हे आहे.

आधी मोकळ्या मैदानात क्लच, ब्रेक, रिव्हर्स पक्कं करून घ्या. तिथेच एकदा जोरात ब्रेक मारायला लावा. एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर पॅडल पायाखाली थरथरतं, आवाज येतो आणि नवीन माणूस घाबरून पाय काढतो, तो काढायचा नाही, दाबूनच धरायचा.

मग रस्त्यावर त्याला बोलत बोलत चालवायला सांगा. "पुढे रिक्षा थांबलीय, दार उघडेल कदाचित, बॉल आला म्हणजे मागून पोरगं येणार," असं जे दिसतंय ते मोठ्याने. काय दिसलं नाही तेही यातून कळतं, आणि लेन बदलताना आरशात बघून शिवाय मान वळवूनही बघतोय का तेही बघा, कारण आरशात न दिसणाऱ्या जागेतच बाईकवाला असतो.

अंतर मोजायला खांब वापरा. पुढची गाडी खांबापाशी गेली की सेकंद मोजायचे, आपण तिथे पोचेपर्यंत किमान 2 व्हायला हवेत, पावसात 4. ताशी 60 किमीने गाडी सेकंदाला साधारण 17 मीटर जाते, 2 सेकंद मोबाइलकडे बघितलं तर जवळजवळ 33 मीटर डोळे मिटून गेलो. आणि स्पीड दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारं अंतर चौपट होतं, हे नुसतं सांगू नका, मैदानात 20 आणि 40 ला ब्रेक मारायला लावून खुणा करून दाखवा.

रात्र, पाऊस, चढावर ट्रॅफिकमध्ये हाफ क्लच (क्लच अर्धाच सोडून गाडी सांभाळणं), हे सगळं तुम्ही शेजारी असतानाच होऊ दे. गाडी बंद पडली, मागून हॉर्न वाजतायत, तरी हॅझर्ड लाइट (चारही इंडिकेटर एकदम) लावून शांतपणे परत स्टार्ट करता आली पाहिजे, तोपर्यंत एकट्याला पाठवू नका.

शेवटचे काही राउंड तोंडातून एक शब्द न काढता बसा, रस्ता पण त्यालाच शोधू द्या (धोका दिसला तर अर्थातच बोला).

पहिली एकट्याची फेरी दिवसा, ओळखीच्या रस्त्याने, फोन सायलेंट करून मागच्या सीटवर. मित्रमैत्रिणींना गाडीत घ्यायची घाई अजिबात नको, तरुण नवीन ड्रायव्हरसोबत त्याच वयाची मंडळी असली की अपघाताचा धोका वाढतो. परत आल्यावर "जमलं का?" विचारू नका, "कुठे भीती वाटली?" विचारा, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही शेजारी बसून त्याच वळणावर परत जा.